मन मोकळं करायच्या जागा

मागच्या भागात आपण कर्जाच्या वहीतलं व्याज कसं तपासायचं ते पाहिलं. तो भाग ऐकून दोन गावांतून निरोप आले. पैशाचा हिशेब समजला, पण मनाचा हिशेब कुठे मांडायचा, त्यावर एकदा बोला, असं बायकांनी कळवलं. आम्ही गटांच्या समन्वयक काही डॉक्टर नाही. कोणाच्या दुखण्यावर औषध सांगणं आमचं काम नाही. म्हणून आम्ही वेगळी वाट धरली. आपल्याकडच्या बायकांनी आजवर मनातलं दुःख कुठे बोललं, सल्ला कोणाला विचारला आणि विचारला तेव्हा त्यांच्या पदरात काय पडलं, याचा शोध घेतला. आजचा भाग त्याबद्दल.

सुरुवात जात्यापासून करू. तुमच्यापैकी ज्या पन्नाशीच्या पुढच्या आहेत त्यांनी जातं ओढलेलं असेल. बाकीच्यांनी ते लग्नाच्या हळदीला सुपारी बांधून पूजताना पाहिलं असेल. पहाटे तीन-चारला उठायचं, समोर एक जाऊ किंवा नणंद बसवायची, खुंट्याला दोघींनी हात घालायचा आणि दळता दळता ओवी म्हणायची. ओवी माहेराची, भावाची, पंढरीच्या विठ्ठलाची, सीतेच्या वनवासाची. आणि त्यातच सासुरवासाची.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवॅं या दोघांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. आधी मुळशी-मावळच्या डोंगरी भागात, नंतर महाराष्ट्रभर. गरीब डोंगरी संघटनेतल्या खेड्यातल्या बायकाच या कामात पुढे होत्या. जमलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या, आणि त्या रचणाऱ्या बहुतेक जणींना सही करता येत नव्हती! विद्वानांनी त्या साहित्य म्हणून जपल्या, ते चांगलंच झालं. पण आम्हाला त्यात दुसरं काही दिसतं.

विचार करा. सून घरात तोंड उघडू शकत नव्हती. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, पोटच्या गेलेल्या लेकराबद्दल बोलायची सोय नव्हती. पण जात्यावर बसली की ती सगळं बोलायची, कारण ते गाणं होतं. आत झोपलेल्या सासूने ऐकलं तरी काय म्हणणार? सून गातेय, सीतेचं गातेय. शिवाय जात्याची घरघर होतीच, शब्द अर्धे कळायचे, अर्धे नाही. समोरची बाई मात्र सगळं ऐकायची. ती सल्ला द्यायची नाही. फार तर पुढची ओवी तिची असायची, तिच्या दुःखाची. दोघींचे हात एकाच खुंट्यावर असायचे. एकीचा हात थकला तर दुसरी जोर लावायची.

याचं फार कौतुकही करू नये. ओवीने घरातलं काही बदललं नाही. पीठ झालं की तीच सून त्याच चुलीपुढे बसायची. कितीतरी ओव्या तर सोसण्याचंच कौतुक करतात. आणि जातं म्हणजे कष्टच होते, पोटात सहा-सात महिन्यांचं मूल असतानाही बाईला ते चुकत नव्हतं. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, तो योग्यच होता. पण गिरणीने दळण नेलं तेव्हा पहाटेची ती जागाही नेली. तिच्या बदल्यात दुसरी जागा बरेच दिवस कोणी दिली नाही.

दुःख बोलणं वेगळं आणि अडचणीत असताना मदत मागणं वेगळं. मदत मागायला जागा लागते, आणि जागा आहे हे माहीतही असावं लागतं. आमच्या माहितीप्रमाणे आपल्या भागात अशी जागा जाहीरपणे उघडणारं पहिलं जोडपं म्हणजे सावित्रीबाई आणि जोतिराव फुले. मुलींची शाळा सगळ्यांना माहीत आहे, तीन जानेवारीला आपण फोटोला हार घालतो. पण १८६३ सालचं काम आम्हाला शाळेइतकंच मोठं वाटतं.

त्या काळी ब्राह्मण घरांत मुलीचं लग्न लहानपणी व्हायचं, नवरा गेला की तिचं केशवपन व्हायचं, आणि पुन्हा लग्न नाही. त्याच घरातला एखादा पुरुष तिला फसवायचा किंवा जबरदस्ती करायचा. दिवस गेले की तो नामानिराळा आणि ती एकटी. काशीबाई नावाची अशीच एक तरुण विधवा पुण्यात होती. बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेल्या बाळाला मारलं. खटला झाला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याच्यामुळे ही वेळ आली त्याचं काय झालं, हे विचारायची रीत नव्हती.

या घटनेनंतर फुले दांपत्याने स्वतःच्या घराशी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पण नुसतं घर उघडून काय होणार? जिला गरज आहे ती तर घराबाहेर पडत नाही, कोणाशी बोलत नाही. मग त्यांनी छापील कागद तयार केले आणि ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवले. इथे येऊन गुपचूप बाळंत होता येईल, असा त्याचा आशय होता. मूल ठेवायचं असेल तर ठेवता येईल, सोपवून जायचं असेल तर जाता येईल. पुढे १८८४ साली सरकारला लिहिलेल्या निवेदनात जोतिरावांनी नोंदवलं आहे की तोवर ३५ विधवा तिथे येऊन गेल्या होत्या. सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणं केली. अशाच एका विधवेच्या मुलाला या दोघांनी दत्तक घेतलं. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्याबरोबर रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या.

त्या भिंतीवरच्या कागदाबद्दल आम्ही एका ग्रामसंघात सांगितलं तेव्हा एका बाईंनी विचारलं, "पण त्या विधवांना वाचता येत होतं का?" खरा प्रश्न आहे. बहुतेकींना येत नसणार. म्हणजे कोणीतरी वाचून सांगितलं असेल. कोणी मोलकरणीने, कोणी शेजारणीने, कोणी शाळेत जाणाऱ्या धाकट्या भावाने. त्या ३५ जणींमागे आणखी किती जणी कानात कुजबुजल्या असतील, त्यांची नावं कुठेच नाहीत. आपल्या गटांत प्रेरिका म्हणून काम करणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं असं आम्हाला वाटतं, कारण त्यांचं निम्मं काम असंच असतं.

पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला तशाच प्रकरणात फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांनी तेव्हा सगळ्या बायकांनाच नावं ठेवली. त्याचा राग येऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्यांच्यावर स्वतंत्र भाग करायचा आहे, म्हणून आज इतकंच.

आता एका पुरुषाची गोष्ट. काही जणी म्हणतील, बायकांच्या कार्यक्रमात हा कशाला? पण ऐका. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. सततच्या बाळंतपणांनी बायका खंगतात, मरतात, आणि त्यावर उपाय असूनही लाजेपायी कोणी सांगत नाही, हे त्यांना पटेना. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. याच विचारांमुळे त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली. मग जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या कामात सोबत होत्या.

या मासिकात वाचक पत्रं पाठवायचे. शरीराविषयी, नवराबायकोच्या संबंधांविषयी, तरुणपणी मनात येणाऱ्या भीतींविषयी. कोणी आपल्याला काही रोग झाला आहे या धास्तीने झोप घालवून बसलेला, कोणी पाप केलं म्हणून झुरणारा. कर्वे त्यांना सरळ उत्तर द्यायचे. पाप-पुण्य बाजूला ठेवून, शरीराचं शास्त्र काय म्हणतं ते सांगायचे. आज ही गोष्ट साधी वाटेल. तेव्हा ती गुन्हा ठरली.

त्यांच्यावर खटले झाले. पहिल्या खटल्यात दंड झाला, तरी त्यांनी मासिक चालू ठेवलं. पुढचा खटला थेट वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. अशी उत्तरं म्हणजे अश्लीलता, असा आरोप होता. १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या वेळी बाबासाहेबांच्या पाठीवर किती कामं होती ते तुम्हाला माहीत आहे. महाडचा आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार, सगळं नुकतंच होऊन गेलेलं. तरी त्यांनी हा खटला घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोक जर खऱ्या अडचणीतून प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे.

ते खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

त्या काळात २०० रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे, आणि ती भरणारा माणूस नोकरी गमावलेला होता. तरी ऑक्टोबर १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. छब्बीस वर्षं! आपल्यापैकी जिने तांबी बसवली, गोळ्या घेतल्या, दोन मुलांवर थांबायचं ठरवलं, तिने हे नाव माहीत करून घ्यायला हरकत नाही. आम्हाला या गोष्टीत जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. लाजेचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला त्यांनी हसलं नाही आणि दटावलंही नाही. आपल्या आजूबाजूला हे दोन्ही अजून होतं. पांढऱ्या पाण्याचा त्रास आहे म्हणून दवाखान्यात गेलेली बाई चार माणसांसमोर मोठ्याने विचारलं गेल्यामुळे तोंड मिटून परत येते, हे आमच्या कामात आम्हाला वरचेवर ऐकायला मिळतं.

कर्व्यांच्याच काळात, ऑगस्ट १९३० मध्ये, किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं. ते शिकलेल्या घरांत गेलं, खेड्यात फारसं नाही. पण त्याच मासिकात काम करता करता विद्या बाळ घडल्या. सासरी तरुण मुलींचे मृत्यू होत होते आणि लोक तो घरातला मामला म्हणून गप्प बसत होते. अशा वेळी १९८२ मध्ये विद्याताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी पुण्यात नारी समता मंच उभा केला. १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक काढलं. मंचाने बायकांसाठी केंद्र चालवलं, त्याचं नाव 'बोलते व्हा'. पुढे पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढलं. नावं बघा. तक्रार केंद्र नाही, सुधार केंद्र नाही. बोलते व्हा.

१९८४ मध्ये मुंबईत आणखी एक वेगळं पाऊल पडलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो पोलीस आयुक्तालयातच. म्हणजे मार खाऊन पोलिसांकडे आलेल्या बाईला आधी समाजकार्य शिकलेली व्यक्ती भेटणार, तिचं नीट ऐकणार, तिला काय हवं आहे ते विचारणार. पुढे हे कक्ष राज्यातल्या जिल्ह्यांमध्ये पसरले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला, २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला, आणि तालुक्याला संरक्षण अधिकारी हा शब्द आपल्या कानांवर येऊ लागला.

याच काळात 'समुपदेशन' हा शब्दही रूढ झाला. जड शब्द आहे. आमच्या एका प्रशिक्षणात एक आजी त्याला "समुपदेश" म्हणत होत्या आणि आम्ही तो दुरुस्त केला नाही. आधी आपल्याकडे शब्द होता समजूत घालणं. समजूत घालायची ती रडणाऱ्याची, आणि घालणारी माणसं ठरलेली. सासरचे दोन, माहेरचे दोन, गावचा एखादा पुढारी. चहा व्हायचा आणि शेवटी बाईला सांगितलं जायचं, आता नांदायचं, घराण्याची अब्रू बघायची. समजूत घातली की भांडण मिटलं असं धरायचं. बाईला काय वाटतं हे त्या बैठकीत विचारलंच जायचं नाही. अजूनही बऱ्याच गावांत असंच चालतं, आणि त्यालाच कोणी समुपदेशन म्हटलं तर आम्ही मान्य करणार नाही. समोरचीचं म्हणणं आधी समजून घेतलं पाहिजे, मग पुढचं.

ऐकण्याचं काम शिकलेल्या डॉक्टरांनीच करायला हवं का? आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावाला. तिथे जायचं म्हणजे एक रोज बुडवायचा, घरी कारण सांगायचं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं २०२३ पासून, पण उरलेलं अर्धंही कधी कधी जवळ नसतं.

हीच अडचण आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचार डॉक्टरांना आली. त्यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून दवाखान्यात येऊ शकली नाही, आणि तिने जीव दिला. डॉक्टर हादरले. अख्ख्या देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग २००६ मध्ये हरारे शहरातल्या मबारे या गरीब वस्तीत त्यांनी १४ आजीबाईंना बरोबर घेतलं. आरोग्यासाठी वस्तीत आधीपासून काम करणाऱ्या, फार न शिकलेल्या बायका. दवाखान्याच्या अंगणात झाडाखाली लाकडी बाक ठेवला. बाकावर आजी बसणार आणि ज्याला बोलायचं तो शेजारी बसणार.

आधी त्या बाकाला मानसिक आरोग्याचा बाक म्हणायचं ठरलं होतं. आजींनी डॉक्टरांना सांगितलं, असं नाव दिलंत तर कोणी बसणार नाही. मग नाव पडलं मैत्रीचा बाक. आपल्याला हे लगेच कळतं. "डोक्याच्या डॉक्टरकडे चल" म्हटलं की बाई म्हणते, मी काय वेडी आहे का?

त्या आजींची रीतही सांगण्यासारखी आहे. आधी बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. दहा अडचणी निघतात. नवऱ्याची दारू, मुलाची फी, घरभाडं, आजारपण. मग त्या विचारायच्या, यातली कोणती एक आपण आधी धरू? ती निवडायची त्या बाईनेच. मग तिच्याकडूनच एक छोटी गोष्ट ठरवून घ्यायची, जी या आठवड्यात होईल. पुढच्या वेळी ती झाली का, नाही झाली तर काय आडवं आलं, ते बोलायचं. उपदेश नाही. २०१६ मध्ये ५७३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, बाकावर बसलेल्यांची उदासी आणि काळजी बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली होती.

आपल्याकडेही हे झालं आहे, तेही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भात. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने आधी गोव्याच्या आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांना बसवून पाहिलं होतं. नंतर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम झाला. गावात आरोग्याचं काम करणाऱ्यांना शिकवलं. ते घरोघर गेले, छोट्या बैठका घेतल्या, उदासी हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो हे सांगितलं, ज्यांना गरज होती त्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचवलं. सुरुवातीला उदासीच्या आजाराने त्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कसलीतरी मदत घेत होते. सुमारे दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला. मागच्या वर्षभरात जीव द्यावासा वाटला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास होतं, ते निम्म्यावर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं धरली नव्हती, म्हणून सगळं श्रेय एकट्या कार्यक्रमाला देता येणार नाही, हे सांगायला हवं. तरीही चाराचे सत्तावीस, हे आम्हाला फार बोलकं वाटतं. आधीही आजार होता, फक्त तो कोणी सांगत नव्हतं.

आता आपल्या गटांकडे येऊ. गटाची पंचसूत्री आपल्याला झोपेत विचारली तरी येते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. नंतर दशसूत्री झाली, त्यात आरोग्य आलं. मन हे आरोग्यात येतं की नाही यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, गट पैशासाठी आहे, त्यात घरची रड आणली की गट फुटतो. या म्हणण्यात तथ्य आहे. भरल्या बैठकीत एकीने सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोहोचली आणि नंतर ती बाई गटातच आली नाही, असं एका गावात झालं आहे.

पण दुसऱ्या एका गावात उलट झालं. एका सदस्याचे दोन हप्ते थकले, बैठका चुकल्या. दंड लावा, जामीनदाराला बोलवा, असं काही जणी म्हणू लागल्या. अध्यक्ष बाई पासष्टीच्या, निरक्षर. त्यांनी वहीत गैरहजर लिहायला लावलं, दंडही नियमाप्रमाणे लिहायला लावला, कारण नियम सगळ्यांना सारखा. आणि संध्याकाळी त्या एकट्याच तिच्या घरी गेल्या. हप्त्याचं काढलं नाही. तिच्याबरोबर शेंगा फोडत बसल्या. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "मावशी, मला कितीतरी रात्री झोप नाही. विहिरीकडे पाय वळतात."

मावशींनी काय केलं ते त्यांनीच आम्हाला सांगितलं, आणि इथे सांगायला त्या बाईचीही परवानगी आहे. त्यांनी "असं अभद्र बोलू नये" म्हटलं नाही. लेकरांकडे बघ, असंही म्हटलं नाही. विचारलं, आज पाय वळतात का? ती हो म्हणाली. मग त्या रात्री मावशी तिथेच झोपल्या. सकाळी तिच्या बहिणीला बोलावलं आणि तिघी ग्रामीण रुग्णालयात गेल्या, तिथून पुढे जिल्हा रुग्णालयात. औषधं चालू झाली. गटाला फक्त इतकं कळलं की तिला बरं नाही. हप्ते तीन महिने पुढे ढकलायचा ठराव झाला, कारणाच्या रकान्यात "आजारपण" लिहिलं. ते खोटं नव्हतं.

यावरून आमच्या प्रभागातल्या गटांनी आपल्यापुरतं ठरवलं. भरल्या बैठकीत कोणाला घरचं विचारायचं नाही. प्रत्येक गटाने मतदानाने नव्हे तर चिठ्ठ्यांनी दोन बायका निवडायच्या, ज्यांच्याशी बोलायला बाकीच्यांना बरं वाटेल. त्यांना सांगितलेलं वहीत येणार नाही आणि नवऱ्यालाही कळणार नाही. फक्त एका बाबतीत गुपित ठेवायचं नाही. जिवाला धोका असेल, तिच्या स्वतःकडून किंवा दुसऱ्या कोणाकडून, तर तिला सांगूनच पण नक्की मदत बोलवायची. चिठ्ठ्यांची कल्पना चांगली ठरली. बऱ्याच गटांत अध्यक्ष-सचिव निवडून आल्याच नाहीत. भलत्याच बायका निवडून आल्या, ज्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत.

काही माहिती आता सांगतो, लिहून घ्या. मन फार जड झालं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ हा नंबर. टेलिमानस म्हणतात त्याला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने सुरू केला आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. अजून एक गोष्ट पुष्कळ घरांत माहीत नाही. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर पोलीस केस होईल या भीतीने घरचे दवाखान्यात न्यायला उशीर करतात, विष घेतलं तरी "चुकून प्यायलं" सांगतात. डॉक्टरांना खरं कळलं नाही तर उपचार चुकतात. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर आहे. तेव्हा थेट दवाखाना गाठा, आणि काय घेतलं ते खरं सांगा. डबा सापडला तर डबाच बरोबर न्या.

हे नंबर लावायचे कुठे, यावर आम्ही बरंच बोललो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले तर तिथे पुरुष बसलेले असतात. अंगणवाडीत फक्त लहान मुलांच्या आया जातात. मग एका ताईने सुचवलं, पिठाची गिरणी. तिथे प्रत्येक घरची बाई डबा घेऊन येते, नंबर लागेपर्यंत उभी राहते, आणि भिंतीवरचं वाचत असली तरी कोणाला संशय येत नाही. आम्ही मोठ्या अक्षरांत कागद लिहिला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कागदावर फोनचं चित्र काढलं. कागदाच्या खालच्या कडेला नंबर लिहिलेल्या छोट्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या, फाडून कमरेच्या पिशवीत टाकता येतील अशा. पहिल्या महिन्यात एकही चिठ्ठी हलली नाही. आता अर्ध्याहून जास्त गेल्या आहेत. कोणी नेल्या ते आम्ही गिरणीवाल्याला विचारलेलं नाही, आणि त्यालाही सांगून ठेवलं आहे की बघायचं नाही.